सातबाऱ्यावरचे सत्तेचाळीस दिवस

गेल्याच्या गेल्या दिवाळीत माझ्या लेकीनं संपत आलेल्या कॅलेंडरचं एक पान फाडलं, उलटं केलं आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर पदव्यांची यादी लिहायला घेतली. ती तेव्हा बारावीला होती. आमच्या शिनोलीच्या घराच्या ओट्यावर माझे वडील पोत्यावर बसलेले असायचे, तिथेच ती पालथी पडून लिहीत होती. सगळं घर माझ्या वडिलांना आप्पा म्हणायचं, तीही म्हणायची. यादी त्यांच्यासाठीच होती. त्यांना वाचून दाखवायची आणि त्यांनी क्रम लावायचा, असं त्या दोघांचं ठरलं होतं.

माझे यजमान लेक तीन वर्षांची असताना गेले. ते चाकणला कंपनीत होते, भाड्याच्या खोलीत राहायचे. जमीन त्यांच्या घरात कधीच नव्हती. मी लेकीला घेऊन माहेरी आले, घोडेगावच्या कॉलेजात ग्रंथालयात लागले. आप्पांनी घराच्या कडेला दोन खोल्या काढून दिल्या. लेक वाढली ती आप्पांच्या मागे शेतात फिरत. माझ्याकडे पुस्तकं होती, पण तिला ती कधी फारशी लागली नाहीत. तिला बांध, पाट, भाताचं खाचर हेच आवडायचं. तिला कृषी पदवीला जायचं होतं, सरकारी कॉलेजात. दहावीपासून तिचं हे ठरलेलं होतं आणि त्यात कधी बदल झाला नाही.

"वाच," आप्पा म्हणाले.

"कृषी. ते तर पहिलंच."

"फुडं."

"उद्यानविद्या."

"म्हंजी बाग? बागंत काय चार वर्सं बसायचं व्हय?"

"द्राक्षं, डाळिंब, भाजीपाला, सगळं त्यात येतं, आप्पा."

"मग नारायणगावच्या टमाटेवाल्यांना जाऊन इचार की. ते बिगरडिग्रीचं शिकल्यात. बरं, ऱ्हाऊ दे. दोन नंबर. फुडं?"

"मत्स्यशास्त्र. पण त्याला कोकणात जावं लागतं."

"का? डिंभ्याच्या धरणातलं मासं काय वाईट हाय?"

"वनशास्त्र."

"त्यात झाडं लावाया शिकवत्यात का तोडाया?"

"मोजायला पण शिकवतात."

"मोजून काय हुतंय? मोजलेली झाडं बी तुटत्यात."

पशुवैद्यक आलं तेव्हा आप्पा ताठ बसले. "ह्ये घ्ये की. लोक डाक्टर म्हनत्याल."

"त्याची परीक्षा वेगळी असते. आणि गायीच्या पोटात हात घालायला लागतो."

"मग? भ्या गायीला वाटाया पायजे, तुला कशाला?"

अन्नतंत्रज्ञान, दुग्धतंत्रज्ञान, कृषी अभियांत्रिकी, जैवतंत्रज्ञान असं करत यादी खाली आली. शेवटी तिनं पर्यावरणशास्त्र लिहिलं होतं. ते कृषी विद्यापीठातलं नव्हतं, साध्या बीएस्सीतलं. आप्पांनी विचारलं, त्यात काय असतं?

"हवा, पाणी, माती, जंगल. सगळ्याचा अभ्यास."

"सगळ्याचा म्हंजी कशाचाच न्हाई," आप्पा म्हणाले, आणि तिच्या हातातली पेन्सिल घेऊन त्या ओळीखाली त्यांनी एक आडवी रेघ मारली. यादी तिथं संपली.

त्याच आठवड्यात तिच्या कॉलेजातल्या सरांनी सांगितलं की कृषीच्या प्रवेशाला शेतकऱ्याच्या मुलांना ठरावीक जादा गुण मिळतात. त्यासाठी शेतजमीन असल्याचा दाखला लागतो, आणि सातबाऱ्यावर आईचं किंवा वडिलांचं नाव लागतं. आमचा सातबारा आप्पांच्या नावावर. मी तलाठी कार्यालयात विचारून आले. आईच्या वडिलांची जमीन चालणार नाही, असं तिथं स्पष्ट सांगितलं.

"मंग तुज्या आईचं नाव लावू," आप्पा लेकीला म्हणाले. "अर्धा एकर तिच्या नावानं करतो. मार्क काय झाडाला लागत्यात? जमिनीतूनच येयाचं. सुगी झाली की जाऊ घोडेगावला."

सुगी झाली. इंद्रायणी भात झोडून झाला, पेंढा रचून झाला. मग थंडी पडली आणि आप्पांना खोकला लागला. खोकला उतरला की जाऊ, असं म्हणता म्हणता जानेवारी आला. मंचरच्या दवाखान्यात त्यांना चार दिवस ठेवलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी मी त्यांच्यासाठी पेज घेऊन गेले तेव्हा माझा धाकटा भाऊ जिन्यात बसला होता. त्यानं माझ्या हातातला डबा घेतला आणि खाली ठेवला. त्यावरून मला कळलं.

त्या दिवसांबद्दल मला जास्त लिहिता येत नाही. मी सावकाश लिहिते आहे, तरी येत नाही. घोड नदीच्या काठी दहावा झाला. कावळा लवकर शिवला. लोक म्हणाले, माणूस समाधानानं गेला. मला तेव्हा ते खरं वाटलं. अर्धा एकराचं काम राहून गेलं हे माझ्या मनातही आलं नाही. लेकीच्या आलं असेल. फेब्रुवारीत तिची बारावीची परीक्षा होती, आणि त्यानंतर प्रवेश परीक्षा. मंचरच्या क्लासला ती पहाटेच्या एसटीनं जायची.

वारसनोंदीचा अर्ज भावानंच केला. आई आधीच गेलेली, त्यामुळे वारस तिघं : तो, ओझरजवळ दिलेली आमची थोरली बहीण आणि मी. फेब्रुवारीच्या शेवटी नोंद मंजूर झाली. मी ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरवर सातबारा उघडून पाहिला. आप्पांच्या नावाला कंस झालेला होता. आमच्याकडे माणूस गेलं किंवा त्याचा हक्क गेला की सातबाऱ्यावर त्याचं नाव कंसात जातं, आणि लोकही तसंच बोलतात, अमक्याला कंस झाला. आप्पांच्या खाली आमची तीन नावं होती. माझं शेवटी. मी त्या कंसाकडे बघत बसले. कोणी पुस्तक मागायला आलं तेव्हा मी पडदा बंद केला.

आज मला दिसतं की त्या दिवशी आप्पांचं राहिलेलं काम झालेलं होतं. ते जिवंतपणी जे करणार होते ते त्यांच्या जाण्यानं आपोआप झालं होतं. माझं नाव लागलं होतं. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं मला जन्मभर जमलेलं आहे.

पण सव्वा महिना झाला आणि थोरली बहीण आली. आमच्याकडे बाप गेला की बहिणी भावाला हक्कसोड देतात. कोणी मागत नाही, कोणी नाही म्हणत नाही. आमच्या आत्यांनी आप्पांना दिलं होतं. चुलत बहिणींनी दिलं. बहीण चहाचा कप हातात धरून म्हणाली, "मी माज्या घरचं खाऊन तृप्त हाय. मला न्हाई लागत. तू बी देऊन टाक. येकाच दिशी जाऊ, माजा बी हेलपाटा वाचंल."

"आक्का, इतक्यात कशाला?"

"इतक्यात म्हंजी? लोकं म्हनत्याल, बहिनी बापाच्या राखंवर नजर ठिवून बसल्यात. तुजं तर माहेरच घर हाय. भावानं उद्या तोंड फिरवलं तर कुटं जाशील?"

भाऊ दारात उभा होता. तो म्हणाला, "आक्का, ताईंना जबरदस्ती नको. ताई, तुमच्या मनात नसंल तर ऱ्हाऊ द्या." त्यानं हे मनापासून म्हटलं असावं. पण त्यावर नाही म्हणायला जी माणसं लागतात त्यांतली मी नव्हते. मी म्हणाले, "माझं काही नाही. जाऊ."

आत लेक अभ्यास करत होती. परीक्षेच्या दिवसांत तिच्या डोक्याला ताप नको म्हणून आम्ही आवाज खाली ठेवला होता. बहिणीनं उठून मधलं दार लोटलं. "पोरीला कशाला ह्या भानगडी? तिचं तिला करू दे." मलाही ते शहाणपणाचं वाटलं. त्या घरात जादा गुणांचा नियम ज्या एकीला तोंडपाठ होता, ती त्या दाराच्या पलीकडे होती.

मला नियम माहीत नव्हता का? होता. तलाठ्याला विचारायला मीच गेले होते. पण तो नियम आणि हा कागद यांची गाठ माझ्या मनात पडलीच नाही. तो आप्पा असतानाचा बेत होता, आप्पांबरोबर गेला, असं मी धरून चालले होते. याहून चांगलं कारण मला अजून सापडलेलं नाही.

दुय्यम निबंधक कार्यालयात गर्दी होती. आमची पाळी आली तेव्हा कारकुनानं भरभर विचारलं, "स्वखुशीनं देताय ना? दबाव नाही ना? वाचून समजलं ना, ताई?" पंधरा वर्षं मी ग्रंथालयात आहे. मुलांना मी सांगत असते की सही करायच्या आधी नियमावली वाचा. मी म्हटलं, "हो." कॅमेऱ्यासमोर बसवून फोटो काढला, यंत्रावर अंगठा घेतला. परत येताना भावानं आम्हाला भेळ खायला घातली आणि दोघींना साड्या घेतल्या. बहिणीला डाळिंबी काठाची, मला राखाडी. राखाडी त्यानं विचार करून निवडली होती. मी ती अजून नेसलेली नाही.

एप्रिलच्या मध्यात हक्कसोडीचा फेरफार मंजूर झाला. नंतर मी दिवस मोजले. माझं नाव सातबाऱ्यावर सत्तेचाळीस दिवस होतं.

मे महिन्यात लेक आणि आप्पा दरवर्षी एक काम करायचे. पेरणीआधी सोयाबीनचं बियाणं उगवतं की नाही ते बघायचं. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीनं मांडायचे, गुंडाळी करायची, कोपऱ्यात ठेवून रोज पाणी शिंपडायचं आणि चार-पाच दिवसांनी उलगडून मोड मोजायचे. त्या मे महिन्यात तिनं ते एकटीनं केलं. मामानं सांगितलं नव्हतं. गुंडाळी आमच्या मोरीजवळ ठेवली होती. निकाल लागले होते. तिचे गुण चांगले होते, पण फार वरचे नव्हते. ती मला म्हणाली, "जादा गुण धरले की सरकारी कॉलेज लागतंय, आई. गेल्या वर्षीची यादी बघितली मी. नुसत्या मार्कांवर नाही लागत, जरासं कमी पडतंय. पण ते धरले की लागतंय." मग म्हणाली, "आप्पांचं बघ ना. करायचं राहिलं म्हणता म्हणता वारसानं तुझं नाव लागलं असेलच."

मी त्या क्षणी का बोलले नाही? बोलले असते तर चार दिवस आधी कळलं असतं, आणि ते चार दिवस पुढे उपयोगी पडले असते. मी म्हणाले, "उद्या दाखला काढू." मला वाटलं, काढताना काही मार्ग निघेल. हक्कसोड झालं तरी वारस म्हणून काही राहत असेल. उद्या उद्या करता करता मी चार दिवस काढले. तिलाही क्लासच्या सरांकडे कागद दाखवायचे होते, त्यात तिचे दोन दिवस गेले.

घोडेगावच्या सेतू केंद्रात एक तरुण ऑपरेटर होता. त्यानं गट नंबर टाकला, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, तुमच्या नावाला कंस झालाय की."

"कंस म्हणजे?" लेकीनं विचारलं. तिला अर्थ माहीत होता. तरी तिनं विचारलं.

"म्हंजे होतं, आता नाय. एप्रिलात फेरफार झालाय, हक्कसोडीचा. ह्याच्यावर दाखला नाय निघणार. मामांच्या मुलांचा निघंल." मग तो तिच्याकडे बघून हसला, चांगल्या मनानं. "मामाला म्हणा, दत्तक घ्या."

मागच्या रांगेतलं कोणीतरी हसलं. लेकीनं फाईल बंद केली, तिची रबराची दोरी नीट अडकवली, आणि म्हणाली, "चल." एसटीत ती खिडकीशी बसली. शिनोलीला उतरल्यावर तिनं एवढंच विचारलं, "कधी गेला होतात?"

"तुझा केमिस्ट्रीचा पेपर होता त्या दिवशी."

तिनं मान हलवली, जणू मी एसटीची वेळ सांगितली होती.

भाऊ संध्याकाळी शेतातून आला तेव्हा मी त्याला सांगितलं. त्यानं हातातलं खुरपं खाली टाकलं.

"आणि हे आत्ता बोलताय?"

"माझ्या लक्षात नाही आलं."

"लक्षात नाय आलं! अवो ताई, मी काय नाय म्हणलो असतो का? चार महिनं थांबा म्हणला असता तर थांबलो नसतो? लोकं मला काय म्हणतील आता, भाचीचं शिक्षण खाल्लं म्हणून."

"तुला कोणी काही म्हणणार नाही."

"तुम्ही तर पुस्तकं वाचता, राव. आक्का अडाणी हाय, मी बारावी नापास हाय. तुम्ही वाचता."

वहिनी चुलीपाशी पाठ करून उभी होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली नाही. भाकरी करपल्याचा वास आला.

भावानं मात्र दुसऱ्या दिवशी काम सोडलं आणि मला घेऊन तलाठ्याकडे गेला. अर्धा एकर पुन्हा माझ्या नावावर करायला तो तयार होता. बक्षीसपत्र करता येत होतं, नोंदणी दोन दिवसांत होत होती. पण नोंदणीनंतर फेरफाराला पंधरा दिवसांची नोटीस लावावी लागते. प्रवेश अर्जात कागद जोडायला चौदा दिवस उरले होते. भाऊ हात जोडून उभा राहिला. तलाठी वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "भाऊ, नोटिशीचे दिवस मला कमी करता येत असते तर माझ्या मेव्हण्याचं काम अडलं नसतं." मग त्यानं आम्हाला पाणी दिलं.

घरी आल्यावर भावानं लेकीला बाहेर बोलावलं. तो रागावला की थट्टा करतो. "आगं, चार वर्सं कॉलेजात जाऊन पुन्हा मातीतच यायचं ना? हितंच ये. मी शिकवतो. डिग्री मामाच्या सहीची."

"मामा, तुम्हाला रोगाचं औषध दुकानदार सांगतो," ती म्हणाली. "तुम्ही काय शिकवणार?"

तो हसायला गेला, पण त्याचा चेहरा तसा झाला नाही. तो उठून गोठ्याकडे गेला आणि बराच वेळ आला नाही.

अर्ज तिनं जादा गुणांशिवाय भरला. कॅलेंडरचं पान समोर ठेवून आप्पांनी लावलेल्या क्रमानंच पसंती टाकली. कृषी, उद्यानविद्या, वनशास्त्र. फेऱ्यांच्या याद्या लागल्या तेव्हा आम्ही त्या ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरवर पाहिल्या. पहिल्या फेरीत नाव नव्हतं. दुसऱ्या फेरीत ती सरकारी कॉलेजाच्या यादीत शेवटच्या जागेच्या जरा खाली येऊन थांबली. तिच्या वर जी मुलं होती त्यांच्या गुणांपुढे शेतजमिनीचे गुण वेगळ्या रकान्यात दाखवलेले होते. तिच्या नावापुढे त्या रकान्यात शून्य होतं. तिसऱ्या फेरीत विदर्भातलं एक खासगी कॉलेज लागलं. ते आम्हाला परवडणारं नव्हतं, आणि तिनं ते मला विचारलंही नाही. परस्पर नाकारलं.

तिसऱ्या फेरीच्या दिवशी ती म्हणाली, "पुण्यात पर्यावरणशास्त्राचे प्रवेश अजून चालू आहेत. तिथं सातबारा लागत नाही."

"तुला आवडेल ते?"

"आप्पा म्हणाले होते, सगळ्याचा म्हणजे कशाचाच नाही." तिनं कॉम्प्युटर बंद केला. "बघू."

तिनं मला दोष दिला असता तर काहीतरी बोलणं झालं असतं. तिनं एकदाही दिला नाही. पुण्याला जाताना ती माझ्या पाया पडली, मामाच्या पाया पडली, आप्पांच्या फोटोपुढे उभी राहिली नाही. मी तेवढं पाहिलं.

त्यानंतर वर्ष झालं. या मे महिन्यात ती सुट्टीला आली तेव्हा मामाच्या बियाण्याची गुंडाळी तिनं पुन्हा बांधली. मामानंच या वेळी गोणपाट भिजवून दिलं. पाचव्या दिवशी तिनं मोड मोजले आणि म्हणाली, "पेरा, चांगलं आहे. पण एकरी थोडं जास्त धरा." मामानं मान डोलावली. दोघं आता एकमेकांशी कामापुरतं नीट बोलतात.

तिच्याजवळ कॉलेजचा एक प्रकल्प होता. कुठल्यातरी शेताच्या बांधावरची झाडं मोजून त्यांची नोंद करायची, घेर, उंची, पक्ष्यांची घरटी. तिनं आप्पांच्या खालच्या तुकड्याचा बांध घेतला होता. त्यासाठी जमीनधारकाच्या परवानगीचा एक छापील कागद होता. मामाची सही तिनं सकाळीच घेतली होती. ओट्यावर कागद पडला होता म्हणून मी उचलून वाचला. जमीनधारकाचं नाव. गट नंबर. आणि खाली, विद्यार्थ्याचं जमिनीशी नातं. ती ओळ कोरी होती.

"इथं काय लिहिणार?" मी विचारलं.

"मामा म्हणाला, लिही, भाची."

"मग?"

"मामाशी नातं नाही विचारलेलं. जमिनीशी विचारलंय." तिनं माझ्या हातातून कागद घेतला, ओट्यावर ठेवला, आणि त्या ओळीत लिहिलं, 'काही नाही.' नीट, गोल अक्षरांत. मग तिनं टेप उचलला. "येतेस? दुसरं टोक धरायला माणूस लागतं."

मी गेले. बांधावर दोन आंबे आहेत, चार करंज, एक जांभूळ, आणि कोपऱ्यात एक जुना हिरडा, ज्याला आप्पा टेकून बसायचे. तिथं त्यांच्या पाठीनं खोड गुळगुळीत झालेलं आहे. तिनं टेप छातीच्या उंचीवर खोडाभोवती फिरवला आणि टोक माझ्या हातात दिलं. मी ते घट्ट दाबून धरलं. तिनं वाकून आकडा वाचला. वही माझ्याकडे होती. तिनं तो पुन्हा सांगितला, मी लिहून घेतला, आणि आम्ही पुढच्या झाडाकडे गेलो.